ड्रमांवरचा पहारा

ता. ९, शुक्रवार, दुपार

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी आई कशी आहे? तुझ्या नवऱ्याचं जेवणात लक्ष नाही. विचारलं तर "काही नाही" म्हणतो. गॅस मात्र अजून रडतोच आहे. चहा उकळेपर्यंत चहाची इच्छा मरते.

पुढच्या रविवारी गावाची सभा आहे. तुझ्याकडून कचऱ्याच्या गॅसप्लांटची किल्ली काढून घेतली, तू माहेरी निघून गेलीस, तेवढ्यावर गावच्या मंडळींचं भागलं नाही. आता गावाचा गॅस कायमचा बंद करायचा आणि ओला कचरा पुन्हा नाल्याकाठी ओतायचा, असा ठराव आणणार आहेत. "तुमच्या सुनेला जमलं नाही," असं मला तोंडावर ऐकवतात. मेल्यांनो, इतके दिवस तिच्याच गॅसवर शिजवून गिळलंत की!

म्हटलं, यात नक्की कुणाचा तरी हात आहे. तूच सांगायचीस ना, टाकीच्या पोटात बारीक जीव असतात, ते कचरा खातात म्हणून गॅस होतो, त्यांना विष चालत नाही. मग विष घालतंय कोण?

पहिला संशय सिलिंडरवाल्यावर. तुझा गॅस आल्यापासून त्याच्या दुकानात माशा. आणि हल्ली मला पाहिलं की "काय काकू, बरं आहे ना?" उभ्या जन्मात कधी विचारलं नव्हतं. मी सरळ गल्लीच्या तोंडाशी, कचऱ्याच्या ड्रमांजवळ खुर्ची टाकली. जो येईल त्याची बादली हुंगायची. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरू दे. सिलिंडरवाल्याची बादली तर काठीने ढवळून पाहिली. भाजीची देठं आणि चहाचा चोथा. तरी तो हसतच होता, म्हणून संशय काही गेला नाही.

शेजारच्या मास्तरीणबाई बादलीवर घट्ट झाकण लावून येतात. मी म्हटलं, सापडलं! झाकण उघडलं तर करपलेलं अन्न. दुसऱ्या दिवशीही तेच. बिचारीला स्वयंपाक येत नाही, एवढंच तिचं गुपित.

काल मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. ड्रम रिकामे होते, आणि रिकाम्या ड्रमांतून वास येत होता. फिनेलचा.

तुझा गुलाब फुललाय. पाणी मीच घालते.

ड्रम कोण धुतं ते तुला ठाऊक आहे. तुझे मामंजी. दवाखान्यात फरशा पुसण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला फिनेलशिवाय स्वच्छता पटायची नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तुला "कचरेवाली" म्हटलं, ते यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या गावाचे ड्रम स्वतः धुवायला लागले. टाकीत फिनेल घालायचं नाही हे त्यांना माहीत आहे गं. ड्रमात चालतं असं वाटलं. आज सकाळी मागे उभी राहून पाहिलं, धुतल्यावर तळाशी फिनेल ओतून तसंच ठेवतात. त्यावरच सगळ्यांचा कचरा पडतो आणि टाकीत जातो. गॅस रडायला लागला तोही त्याच आठवड्यात.

मी विचारलं, "एवढं कशाला ओतता?" तर म्हणाले, "उद्या ती परत आली की तिच्या हातांना वास लागायला नको."

तू गेल्यापासून तेवढंच एक काम त्यांना उरलंय. सांगावं तर माणूस खचेल, न सांगावं तर तुझ्या नावाला कायमचा डाग. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

म्हणून हे पत्र टाकायला त्यांच्याच हाती देते आहे, आणि पाकीट चिकटवलेलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचल्याशिवाय या माणसाला चैन पडत नाही, असा माझा आयुष्यभराचा संशय आहे. या खेपेला तरी तो खरा ठरू दे.

गावभरच्या बादल्या हुंगून घरी परतलेली,
तुझी सासूबाई

सूनबाई, पाकीट चिकटवावं म्हणून हातात घेतलं आणि वाचलं. ड्रम आत्ताच साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवून आलो. सभेत मीच उभा राहून सांगणार. पण माझा आवाज फुटायचा नाही, तेव्हा तू शेजारी हवीस. ये.
— मामंजी