डॅशबोर्डवरचं कुंकू

प्रिय आई,

जावयाने सासूला पत्र लिहावं, तेही ती गेल्यावर! हसाल तुम्ही. पण आज ड्राइव्हवेत बसून होडीचा डॅशबोर्ड घासून काढला, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. मेधाला सांगून भागणार नाही. ती बायको आहे, माफ करून टाकेल.

मेधाच्या बाळंतपणाला तुम्ही अमेरिकेत, ट्रॉयला आलात, तेव्हा ऑफिसातल्या एकाकडून मी वीस वर्षं जुनी मोटरबोट नुकतीच घेतली होती. मेधा करवादायची, "घरात बाळ येतंय आणि याला भंगार सुचतंय!" तुम्ही मात्र ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारल्यात. "सुधीरराव, होडी चांगली आहे हो. पाण्यात कधी घालायची?" तुम्ही मालवणच्या, वडिलांची स्वतःची होडी होती. या घरात माझ्या बाजूने बोलणारं तेवढं एकच माणूस!

आणि त्याच माणसावर मी ओरडलो.

नारळी पौर्णिमा होती. मला कुठली लक्षात असायला? ऑफिसातून आलो तर पांढऱ्या डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या बाजूला, हळदकुंकवाची पाच बोटं. ट्रेलरच्या चाकाशी फोडलेला नारळ. शेजारचा गोरा तोंड उघडं टाकून बघतोय. माझं डोकंच फिरलं. "आई, काय करून ठेवलंत हे? विचारायचं तरी! होडी आहे ही, तुमचं देवघर नाही!"

"चुकलंच माझं," एवढंच म्हणालात तुम्ही.

पुसायला गेलो तर रंग निघेना. उन्हाने फायबरचा वरचा थर खडूसारखा भुसभुशीत झालेला, त्याने कुंकू पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर तुम्ही स्टुलावर चढून, पदर खोचून, भांड्यांच्या घासणीने डाग घासताय. डाग जरासा फिकट, आणि भोवती ओरखडेच ओरखडे! मी काय म्हणालो? "आता तर पार वाट लावलीत." रोज पहाटे उठून माझ्या मुलीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईला!

त्या उन्हाळ्यात मी होडी पाण्यात घातलीच नाही. तुम्ही दोनदा विचारलंत. डॅशबोर्ड नीट झाल्याशिवाय नाही, म्हटलं. तशाच परत गेलात.

मग दर रविवारी आम्ही कॉलिंग कार्डावरून तुम्हाला फोन लावायचो. मेधाशी बोलून झालं, अन्वीचं बोबडं ऐकून झालं की मला बोलवायचात. "सुधीरराव, तो डाग गेला का हो?"

"नाही अजून."

दोन वर्षं हेच, आई! राग तर माझा आठवड्याभरातच गेला होता. "अहो, सोडा ना तो डाग," एवढं म्हणायला माझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? तुम्हीही अशा कशा? एकदा तरी खडसवायचं होतंत मला. जावई जावई म्हणून किती सांभाळून घ्यायचं?

फेब्रुवारीत तुम्ही गेलात. मेधा अन्वीला घेऊन धावली. मी प्रोजेक्टचं कारण सांगून मागे राहिलो. खरं सांगू? मला त्या घरात यायचं तोंड नव्हतं.

आज डॅशबोर्डवरचे मीटर काढून ठेवले, पाणी मारत बारीक सँडपेपर फिरवला. किती वेळ लागला असेल? दहा मिनिटं! ओरखडे गेले, तो पांढुरका भुगा गेला, पॉलिशचं कंपाउंड लावल्यावर खालून चकचकीत फायबर वर आलं. सगळं उन्हानेच खाल्लेलं होतं हो. तुम्ही बोट लावलं नसतंत तरी मला हे घासायलाच लागणार होतं.

शेवटी एकच बोट उरलं होतं, फिकट गुलाबी. तिथे थांबायला हवं होतं. पण कामाच्या झपाट्यात हात पुढे गेला. लक्षात आलं तेव्हा मनगटावरून गुलाबी पाणी ओघळत होतं. पहिलं काय मनात आलं असेल? आज रविवार आहे, आईंना फोनवर सांगू या!

या नारळी पौर्णिमेला होडी तळ्यात उतरवीन. सगळीकडे वॅक्स लावीन, फक्त स्टिअरिंगच्या बाजूची वीतभर जागा तशीच कोरडी ठेवीन. तिथे अन्वी कुंकवाची पाच बोटं उमटवील. मग ती कितीही दिवस राहू देत, त्यांना कोणी हात लावणार नाही. शब्द देतो.

डाग गेला, आई.

तुमचा,
नुसता सुधीर