कलश आमच्या माजघरात

२६ नोव्हेंबर २०१२, सोमवार

देव घरी आला! म्हणजे खराच आला. महादेवाच्या देवळाचं शिखर कलंडलंय, गाभाऱ्याला हात जाईल एवढी भेग. सगळं उतरवून नवं बांधायचं, पुढं मोठा सभामंडप, असं ठरलं. पण घण घालायच्या आधी पिंडीतला देव काढून घ्यावा लागतो. पैठणच्या गुरुजींनी सकाळपासून मंत्र म्हटले आणि देवाचं तेज तांब्याच्या कलशातल्या पाण्यात उतरवलं. आता देवळातली पिंड नुसता दगड, आणि देव म्हणजे हे पाणी. नवं देऊळ झालं की हेच पिंडीवर ओतायचं, मग देव परत आत. तोवर कलश आमच्या माजघरात.

आमच्याच का? आप्पारावांनी आडपडदा ठेवला नाही. ते समितीचे अध्यक्ष, साखर कारखान्याचे संचालक, सरळ बोलायची सवय. "वैनी, पूजा एक दिस खंडायची न्हाई. आमची भावकी मोठी, रोज कोन ना कोन मरतंय, की लागलं सुतक. तुमा लिंगायतांत सुतकच धरत न्हाईत." मग त्यांची नजर ह्यांच्या खाटेकडे गेली. ह्यांच्या किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिसला नेते, हे गावात कुणाला ठाऊक नाही? म्हणजे शिवकांताचा नवरा गेला तरी तिच्या घरी देवाची पूजा चुकणार नाही, असा सगळा विचार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मात्र हसले. "देव सोताहून येतोय, त्याला नको कावून म्हनायचं?" माणसाला खुळा आनंद झालाय.

गुरुजींचा नियम: कलश कायम गळ्यापर्यंत भरलेला पाहिजे. रोज पाणी घालायचं, तेही देवळाच्या आडाचंच.

२८ नोव्हेंबर

माजघर माळवदाचं, जाड भिंतींचं, गार. कलशापुढं दिवसभर माणसांची ये-जा. ह्यांची खाट आमच्या किराणा दुकानामागं पत्र्याच्या खोलीत हलवली. कुणी सांगितलं नव्हतं, ह्यांनीच हट्ट धरला.

१४ डिसेंबर

कारखान्याचा बॉयलर यंदा पेटणार नाही. पेटवून करणार काय? दुष्काळात होता तेवढा ऊस चारा छावणीत जनावरांच्या तोंडी गेला. दोन हंगाम उसाच्या टनामागं देवळासाठी कपात होत होती, सगळा बेत त्यावरच होता. आता शिखर उतरवून झालंय, गाभारा आभाळाखाली उघडा, आणि पैसा बंद. देव किती दिवस इथं राहायचा, असं विचारलं तर आप्पारावांनी माझ्याऐवजी दाराच्या चौकटीकडे बघून सांगितलं, "बघू."

८ जानेवारी २०१३

नगरचे डॉक्टर ह्यांना रागावले. पाय सुजलेत, अंगात पाणी साठतंय. आता दिवसाला दोन पेल्यांच्या वर पाणी द्यायचं नाही, आणि चहा, वरण, औषधाचा घोट, सगळं त्यातच.

सकाळी ह्यांचं दिवसाचं पाणी एका तांब्यात काढून ठेवते. मग माजघरात जाऊन कलश भरते. पाणी पडतानाचा आवाज पत्र्याच्या खोलीपर्यंत जातो, हे आज कळलं. बाहेर आले तर विचारतात, "देवाला किती घातलं?" म्हटलं, लागलं तेवढं. "चांगलं हाय. त्याला तरी डागदर न्हाई." असं म्हणून हसले, तर फुटलेल्या ओठातून रक्त आलं. मला काही हसू आलं नाही.

२ फेब्रुवारी

आड आटला. तळाला गाळ आणि कुणाची तरी एक चप्पल.

५ फेब्रुवारी

समितीची बैठक आमच्याच ओसरीत. विषय एकच, देवाला पाणी कुठलं घालायचं? टँकरचं नको, ते कुठल्या डबक्यातनं भरून आणतात कुणास ठाऊक, असं सगळ्यांचं मत पडलं. अख्खं गाव तेच पितंय, त्याचं काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ठरलं असं की पैठणहून गोदेचं पाणी कॅन भरून आणायचं. त्यासाठी जीप लावली!

देवाच्या पाण्याला जीप. ह्यांना मी नगरला एस.टी.नं नेते, जागा मिळाली नाही तर दांडीला धरून उभं करते. चहाचे कप गोळा करताना तोंडात आलं होतं, पण बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं. मी गोड बोलून गावाचं भलं करत बसले तर ह्यांचं कोण करणार?

१० मार्च, महाशिवरात्र

आप्पारावांची नवी युक्ती. कारखान्याचं गेलं तर गेलं, लोकांकडून गोळा करायचं. लाऊडस्पीकर लावून आसपासच्या गावांत सांगत फिरले, 'देवाच्या तेजाचं दर्शन, जन्मात एकदाच.' कड्याहून, आष्टीहून, पार लिंबागणेशहून माणसं आली. दुकान बंद ठेवायला लावलं, दारात मांडव, कलशापुढं कुलूप लावलेली पेटी. छावणी चालवणाऱ्यांनी नोटांची बंडलंच टाकली. संध्याकाळी आप्पाराव म्हणाले, स्लॅबचा खर्च निघाला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माणूस वाईट नाही. त्यांना देऊळच हवंय, दुसरं काही दिसत नाही, एवढंच.

त्या गर्दीत एक बाई लेकरू घेऊन पत्र्याच्या खोलीत शिरली. ऊन लागून लेकरू मलूल झालं होतं. बाबा, घोटभर पाणी मिळंल का, म्हणाली. ह्यांनी उशाचा तांब्या उचलून दिला. दिवसाचं होतं नव्हतं ते सगळं! मला सांगितलंही नाही, संध्याकाळी तांब्या रिकामा बघून मी विचारलं तेव्हा कळलं. मी चिडले. एवढी माणसं, एवढा मांडव, तिला तुम्हीच सापडलात? हे म्हणाले, "तिला काय म्हाईत. घर देवाचं हाय म्हनून आली." मग भिंतीकडं तोंड करून झोपले. ओला रुमाल ओठांवर ठेवून मी बसून राहिले.

११ एप्रिल, पाडवा

टँकर आलाच नाही. गुढीवर घालायचा तांब्या धुवायला पाणी नव्हतं, फडक्यानं पुसून तसाच पालथा घातला.

१८ एप्रिल

आज मंजुळाबाई बोलली. शेजारीण माझी, दुकानात गहू-ज्वारी निवडायला येते, ह्यांना उठवायला-बसवायला तिचाच हात. तिची सून बाळंतीण, घरात प्यायला थेंब नाही, म्हणून घागर घेऊन आली. मी आमच्यातलं अर्धं दिलं. तेवढ्यात जीप आली आणि गोदेचे कॅन उतरायला लागले. मंजुळाबाईनं समितीच्या माणसाला विचारलं, "देव पितोय का वो हे?" तो म्हणाला, पीत कसा असेल, उन्हानं कमी होतं म्हणून घालायचं. "मंग उनाला पाजताव अन् मानसाला न्हाई." तो कॅन ठेवून गेला. मी त्यातलं पाणी तिच्या घागरीत ओतायला निघाले, तर तिनंच हात धरला. देवाचं आहे, बाळंतिणीला बाधायचं, म्हणाली. भीती तिलाही सुटलेली नाही, मलाही नाही.

२५ एप्रिल

ह्यांच्या हाताची डायलिसिसची शीर बंद पडली. दुसऱ्या हाताला करून बघितली, तीही चालेना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. चांगला माणूस, पण डोळे वर करून बोलेना. घरी न्या, म्हणाले. मी विचारलं, पाणी किती द्यायचं? म्हणाले, "आता मागतील तेवढं द्या."

एवढे महिने ज्या शब्दांची वाट बघितली ते शब्द असे मिळाले. येताना एस.टी.त जागा मिळाली.

२ मे

लिहायचं आहे, लिहिते.

दुपारी पत्रा नुसता तापलेला. ह्यांना टँकरचं पाणी दिलं, तर वासानंच उलटी झाली. उकळून दिलं, गाळून दिलं, तुळस टाकून दिलं. आत ठरत नाही. दुकानातली विकतची बाटली केव्हाच संपलेली, गोदेचा कॅन सकाळीच कलशात रिकामा झालेला, कड्याला माणूस पाठवला तो परतला नव्हता. ह्यांची जीभ लाकडासारखी. मग म्हणाले, "माजघरातलं दे."

कानावर विश्वास बसेना. मी विचारलं, काय म्हणालात? पुन्हा तेच म्हणाले, आणि वर, "एकदा पोटभर."

मंजुळाबाई तिथंच होती. मला वाटलं ती अडवेल. तिनं ह्यांच्या मानेखाली हात घातला, डोकं वर उचललं आणि माझी वाट बघत बसली.

माजघरात गेले. कलशावरचा नारळ उतरवून खाली ठेवला. भीती वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटली. रागही नव्हता. कलशच उचलून आणला. सवयीनं चमच्यानं पाजायला लागले, तर ह्यांनी मान हलवली. मग तांब्यानं दिलं. गळ्याची घाटी वरखाली होताना बघत होते. किती महिन्यांनी बघितलं! दुसरा तांब्या, थांबून थांबून तिसरा. कलशाचा तळ लागला तेव्हा थांबले. "गार हाय," म्हणाले. चेहरा असा झाला होता की मला आमच्या लग्नातला चेहरा आठवला.

मला आनंद झाला. पाप असेल तर असो, आनंद झाला.

३ मे

पहाटे गेले. झोपेतच.

४ मे

आमच्यात जाळत नाहीत. काल आमच्या जंगम स्वामींनी अंगभर भस्म लावलं, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवलं, आणि ह्यांना मांडी घालून बसवून रुद्रभूमीत पुरलं. जमीन अशी वाळलेली की कुदळी तुटल्या. शेवटी आप्पारावांनी देवळावरचा जेसीबी पाठवला. स्वतः उन्हात उभे राहिले, खांदा दिला, पोरासारखे रडले. मी तोंडाला पदर लावून बघत राहिले, रडू आलं नाही.

संध्याकाळी पूजेची फुलं आली. रोजच्यासारखी, रोजच्या वेळेला. सुतक नाही ना आमच्यात!

माजघरात गेले. रिकामा कलश माझ्याकडं बघत होता. गोदेचा कॅनही संपलेला. घागरीतलं टँकरचं पाणी घेतलं आणि गळ्यापर्यंत भरलं. नारळ ठेवला, फुलं वाहिली, निरांजन लावलं. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. गुरुजी म्हणाले होते, देव म्हणजे हे पाणी. ते पाणी ह्यांच्या पोटात गेलं, आणि हे मातीत. मी काल नवऱ्याबरोबर देवाला पुरून आले. तिथंच बसले.

९ मे

अक्षय्य तृतीयेला प्रतिष्ठापना ठरली. आता सांगितलंच पाहिजे म्हणून आप्पारावांकडं गेले. ते नव्या मंडपात उभे होते. मला बघितलं तर हात धरून खांबाकडं नेलं. तिथं देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. "हे बगा वैनी, सगळ्यात वर." ह्यांचं, वीरभद्रप्पांचं नाव, सोनेरी अक्षरांत. कारखान्याच्या चेअरमनच्याही वर. म्हणाले, देव सांभाळता सांभाळता गेला माणूस, आमच्या पैशाला त्याची सर नाही.

मी काय सांगणार होते? पदरानं पाटीवरची धूळ पुसली आणि घरी आले. सांगितलं तर काय होईल? नवा मंडप पाडणार का ते? मला वाळीत टाकतील, एवढंच. पण ह्यांचं नाव छिन्नीनं खरडून काढतील. ते मला बघवणार नाही.

१३ मे, अक्षय्य तृतीया

कलश माझ्याच डोक्यावर दिला. विधवेच्या डोक्यावर कसा, असं दोघींनी कुजबुजून बघितलं, तर स्वामी म्हणाले, आमच्यात तसलं काही नाही. पुढं हलगी, मागं अख्खं गाव. गुरुजींनी मंत्र म्हणत टँकरचं पाणी पिंडीवर ओतलं. आप्पारावांनी जमिनीवर लोळण घेतली. म्हाताऱ्या बाया रडत होत्या. गुरुजी म्हणाले, देव प्रसन्न आहे, मला जाणवतंय. मी हात जोडले. समोर नुसता दगड होता, माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि मंजुळाबाईशिवाय. ती कुठं दिसली नाही.

प्रसादाला लापशी होती. मी जेवले नाही.

२० मे, सोमवार

बेल घेऊन रुद्रभूमीत गेले. वाटलं होतं, एकटी असेन. ह्यांच्या मातीपाशी मंजुळाबाई बसलेली. तिच्यामागं तिची बाळंतीण सून, मनकर्णा, छबुबाई, वेशीकडच्या कितीतरी बायका, ज्यांच्याशी मी दुकानापलीकडं कधी बोललेही नाही. प्रत्येकीच्या हातात तांब्या. मंजुळाबाईनं सांगितलं असणार, कुणी मला काही विचारलं नाही. एकेक पुढं यायची, मातीला डोकं टेकायची आणि पाणी ओतायची. घरातलं, प्यायचं. माती प्यायली तसं आणखी ओतायची.

ज्यांना मी पेला मोजून दिला त्यांच्यावर एवढं पाणी. नका गं, जपून ठेवा, म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मंजुळाबाई सरकली आणि मला बसायला जागा दिली.