सतराचा पाढा

लीड्स, जुलै २००६

अप्पा,

नमस्कार नंतर, आधी बातमी. आमची शाळा वाचली! गणिताचा निकाल सुधारला नाही तर शाळेचे पैसे थांबवू, असं शहराच्या कौन्सिलने बजावलं होतं. यंदा इयर सिक्सची, म्हणजे शेवटच्या वर्गातली दहा-अकरा वर्षांची, अठराच्या अठरा मुलं पास झाली!

मी रोज सकाळी वर्गाला उभं करून मोठ्याने पाढे म्हणवून घेतले, सतरापर्यंत. तेव्हा हसणाऱ्या टीचर्स आज विचारतात, "हे कुठे शिकलीस?"

लहानपणी सतराचा पाढा चुकला म्हणून तुम्ही मला भरल्या ताटावरून उठवलं होतं. मी मुलांना आधी बिस्किटं दिली, मग पाढे.

त्या सगळ्या टीचर्सना तुमचं नाव अभिमानाने सांगितलं. तुम्हाला मात्र कळवणार नाही. हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील.

तुमच्याइतकीच हट्टी,
आसावरी