बाहेरचा धागा

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईंस,
सारिकेचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. रेवतीच्या दत्तकाचे कागद झाले. वर्षाची आहे. दातांनी सुनीलचा चष्मा चावून झालाय. शिमग्याला तिला गावच्या पालखीपुढे आणायचं मनात आहे, पण तुम्ही हो म्हणालात तरच.

माझं काम काय, असं तुम्ही विचारलं होतंत. विषाणू पेशीत शिरून आपल्या जनुकांच्या धाग्याच्या पुष्कळ नकला करवून घेतो. मग प्रत्येकीला कवच लागतं. पेशीत इतरही हजारो धागे असतात. त्या गर्दीत कवच आपलाच धागा कसा ओळखतं, ते मी पाहते. त्या धाग्याला एके ठिकाणी छोटीशी मुरड असते. कवचाचे तुकडे तिला धरतात आणि भोवती घर बांधतात.

तुमचा लोभ आता रेवतीपर्यंतही पोचावा, ही विनंती.
तुमची सारिका

कापडे, २० फेब्रुवारी

चि. सौ. सारिकेस अ. उ. आ.

चूक माझीच. सून किती हुशार ते कळावं म्हणून तुझं पत्र मुरारीभाऊजींना वाचून दाखवलं. त्यांनी नेमकं तेच धरलं. म्हणाले, बघा वहिनी, शास्त्रसुद्धा सांगतं, आपलं तेवढंच आत घ्यावं. कुणाचं रक्त ते ठाऊक नसलेलं मूल पालखीपुढे नको. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर ते पटलं. यंदा येऊ नका असं लिहायला बसले, पण हात चालेना. तूच सांग काय ते.

सुनीलला वेळेवर जेवायला घाल. माया आहेच.
तुझी आई

पुणे, २६ फेब्रुवारी

ती. सौ. आईंस, शि. सा. न. वि. वि.

काकांना अर्धंच कळलं, कारण मी अर्धंच लिहिलं. ती मुरड आम्ही अगदी परक्या धाग्याला जोडून पाहिली. कवचाने तोही आत घेतला, कूळ विचारलं नाही. विषाणूच्याच धाग्याची मुरड काढली, तेव्हा तो बहुतेकदा बाहेर राहिला.

विषाणूवरून माणसांचा न्याय करू नये, हे मलाही कळतं. पण शास्त्राच्या नावावर माझ्या लेकीला दाराबाहेर ठेवू नका. ठेवायचंच तर तुमच्या मनाने ठेवा. मी रडेन, पण रागावणार नाही.

रेवती भिंत धरून उभी राहते आता. कशीही असले तरी मला तुमचीच समजा.
सारिका

कापडे, ५ मार्च

चि. सौ. सारिकेस अ. उ. आ.

तुझं हे पत्र भाऊजींना दाखवलं नाही. त्यांना एवढंच विचारलं, मी माहेरची तुडीलची, माझ्या अंगात कापड्याचं थेंबभर तरी रक्त आहे का? उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायाने लवंडलं आणि या घरची झाले. त्यांच्या आईचं शेवटचं दुखणं मी काढलं, ते कुठल्या रक्ताने? भाऊजींनी कातरलेली सुपारी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, पोरीच्या नावाने पालखीचा नारळ माझ्याकडून.

मुलीसाठी माप ठेवायची आपल्यात रीत नाही. मी ठेवणार आहे. तू तिला मागून धर. पाय पोचला नाही तर मी खाली बसून माझ्या हाताने लावीन. तांदूळ घरभर सांडू देत.

लवकर निघा, घाटात गाडी सावकाश चालवा.
रेवतीची आजी