रुमालाखालच्या बोटांची निगेटिव्ह

मी, सूर्यभान पुंजाराम लगड, वय वर्षे एकसष्ट, गुरांच्या सरकारी दवाखान्यातून ड्रेसर म्हणून निवृत्त, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. दडपण आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. चिरंजीव पुण्याला असतात आणि पत्नी चांगुणा दोन वर्षांमागे वारली. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण फोटोचे काम मी उजव्या डोळ्याने करीत आलो, त्यामुळे त्याचा या कागदाशी संबंध नाही. मला फोटो काढण्याचे वेड आहे असे गाव म्हणते. कायदा त्याला वेड मानत नाही, एवढा खुलासा मी वकिलांकडून करून घेतला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. राहते घर, मागच्या परसासह, चिरंजीव मच्छिंद्र यास द्यावे. धान्याच्या कोठीची जी खोली मी फोटो धुण्यासाठी अंधारी केली, तिच्या खिडकीवरचा डांबरी कागद त्याने खुशाल फाडून टाकावा. त्या खिडकीसाठी त्याची आई जन्मभर भांडली. खोलीला हायपो या औषधाचा वास येतो ही तक्रार मात्र माझ्यामागे कोणी करू नये. माझ्यासमोर पुष्कळ करून झाली आहे.

कलम दुसरे. पोस्टातली शिल्लक कन्या केशर हिला. तिच्या लग्नात मी वडील म्हणून मांडवात उभा राहिलो नाही, सारखा कोपऱ्यात कॅमेरा घेऊन होतो, असे ती अजून म्हणते. त्या दिवसाचा तिचा जो फोटो तिच्या घरात लावलेला आहे तो कोपऱ्यातूनच काढलेला आहे, हे तिने ध्यानात घ्यावे.

कलम तिसरे. माझा पहिला, घडीचा कॅमेरा. भिंगारच्या छावणीतून बदलून गेलेल्या एका सुभेदाराकडून घेतला. कॅमेऱ्याच्या चामड्याच्या घडीच्या भात्याला भोक होते, हे सुभेदाराला ठाऊक होते की नाही ते देव जाणे. पहिले तीन रोल सगळे धुरकट आले. मी माझ्या हाताला शिव्या दिल्या, औषधांना दिल्या, फिल्मला दिल्या. शेवटी अंधारात आत दिवा धरला तेव्हा भोक सापडले. त्याला सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावले आहे. हा कॅमेरा मच्छिंद्रने ठेवावा. तो घेऊन कोणी रेडिओ देत नाही, हे त्याने आधीच चौकशी करून पाहिले आहे, मला कळले आहे.

कलम चौथे. कॅमेऱ्याची तिवई, फ्लॅशचा दिवा आणि उरलेले बल्ब नगरच्या छगनशेठ यांच्या स्टुडिओत पोचवावेत. छगनशेठ मला दर खेपेला सांगत, "सूर्यभानराव, तुमच्या फोटोतली मानसं तोंड फिरवून बसल्याली असत्यात. गिऱ्हाईक पैसे कशाचं देईल?" त्यांच्या पडद्यावर हंस पोहणारे तळे रंगवलेले आहे आणि त्यापुढे आपल्या तालुक्याची निम्मी माणसे श्वास धरून बसून गेली. तिवई आणि फ्लॅश ही त्यांचीच हत्यारे. तिवई मांडली की दहा पावलांवरचा माणूस टोपी सरळ करतो, आणि फ्लॅश उडाला की उरलेला बाजारही टोपी सरळ करतो. माझ्या कामाला दोन्हींचा उपयोग नव्हता, तरी मी ती घेतली. हौशी माणूस सामान घेत सुटतो, आणि फोटो वाईट आला की आणखी एक सामान घेतो. मला कोणी वेळेवर सांगितले असते तर तेवढ्या पैशांत शंभर रोल आले असते.

माणसाच्या नकळत काढलेला फोटोच खरा, हे मी तीस वर्षे सांगत आलो आणि कोणी ऐकले नाही. आमचे लोक कॅमेरा दिसला की राष्ट्रगीत लागल्यासारखे उभे राहतात. गेल्या वर्षी दुष्काळी कामावर गेलो. छबूबाई नावाची म्हातारी खडीच्या ढिगावर बसून भाकरी खात शेजारणीच्या कानात काही सांगत होती आणि स्वतःच हसत होती. मी झाकण काढतो तोच मुकादम ओरडला, "उठा गं, फोटू निगतोय, हजेरी लागनार हाय!" सगळ्या उठून रांगेत उभ्या राहिल्या. बातमी गावात गेली. कामावर नसलेलेही धावत आले. एकाने आजारी आईला पाठीवर घालून आणले आणि म्हणाला, "हिचंबी नाव लावा सायेब." मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितले की मी सरकारचा नाही, हजेरीचा नाही. तेव्हा छबूबाईने विचारले, "मंग कशापायी काढता?" याचे नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, आजही येत नाही. चिडचिड होते ती त्याचीच.

कलम पाचवे. माझा चांगला कॅमेरा, दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून खाली पाहायचा. डोळ्याला लावावा लागत नाही, म्हणून समोरच्याला वाटते हा माणूस आपल्या पोटाकडे बघतोय. आडवा वळवला तर तोंड एकीकडे आणि भिंग दुसरीकडे ठेवता येते. खोड एकच, आत उजव्याचे डावे दिसते. बैल डावीकडे निघाला की आपण उलटेच वळतो. सवयीला मला दोन वर्षे लागली. हा कॅमेरा व माझ्या सर्व निगेटिव्ह, सहाव्या कलमातली एक सोडून, माझे मित्र शांतवन साळवे गुरुजी यांची कन्या मरिया हिला द्याव्यात. तिने एकदा हाच कॅमेरा घेऊन, मला पत्ता लागू न देता, माझा शिंकतानाचा फोटो काढला. इतका वाईट दिसणारा आणि इतका माझा फोटो दुसरा नाही. मी गेल्यावर भिंतीवर तोच लावावा. छगनशेठकडून कोट रंगवून आणू नये.

कलम सहावे. आता त्या निगेटिव्हबद्दल. हे कलम लिहायचे म्हणूनच मी मृत्युपत्र करायला बसलो आहे.

आमच्या बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. दलाल गिऱ्हाइकाच्या हातावर रुमाल टाकतो, आत त्याची बोटे मुठीत धरतो आणि दाबून भाव सांगतो. एक बोट म्हणजे शंभर. बैलाच्या मालकालाही दलाल तो भाव असाच, स्वतंत्रपणे, रुमालाखाली सांगतो. माझा मेहुणा, चांगुणाचा थोरला भाऊ भिमाजी रावजी काकडे, या बाजारातला नावाजलेला दलाल. १९६६ सालच्या पौषातल्या एका शनिवारी तो गोरक्ष नावाच्या शेतकऱ्याच्या बैलाचा सौदा करीत होता. मी तोंड दुसरीकडे करून, कॅमेरा पोटाशी आडवा धरून उभा होतो. वाऱ्याने रुमालाचे टोक उडाले आणि मी कळ दाबली. भिमाजीच्या मुठीत गिऱ्हाइकाची चार बोटे, वर उडालेला रुमाल, आणि मागे बैलाचा एक डोळा. असा फोटो मला पुन्हा साधला नाही.

तो मोठा करून मी दवाखान्याच्या भिंतीवर लावला. पुढच्या महिन्यात गोरक्ष आजारी वासरू घेऊन आला. फोटोपुढे उभा राहिला, बोटे मोजली आणि म्हणाला, "ह्यो माजाच बैल हाय. मला तीन सांगितली. हितं तर चार हायेत." दिवस मावळायच्या आत सगळ्या बाजाराला कळले की भिमाजीने एक बोट खाल्ले. मी फोटो उतरवला, पण लोकांचे पाहून झाले होते. गोरक्ष पंचांपुढे ठेवायला छाप मागू लागला. भिमाजी आला आणि म्हणाला निगेटिव्ह जाळा. मी दोघांनाही नकार दिला. मी भिमाजीला म्हटले, "खरा भाव किती ठरला ते सांगा, प्रकरण मिटेल." तो म्हणाला, "रुमालाखालचं रुमालाखालीच ऱ्हातंय, दाजी." आणि गेला. पुढे त्याच्याकडे कोणी जनावर आणीना. आज तो त्याच बाजारात कासरे आणि घुंगरे विकतो.

तो घरी यायचा बंद झाला. दर भाऊबीजेला चांगुणा ताट करून दिवा लावून बसे आणि दिवा विझला की ताट उचले. मी एकदा म्हटले, चंद्राला ओवाळ. ती म्हणाली, "भाऊ नसलेल्या बाया ओवाळत्यात चंद्राला. मला हाय." शेवटच्या आजारात एवढेच म्हणाली, "तुमच्या त्या डबड्यानं माजं म्हायेर मोडलं." भिमाजी स्मशानात आला, लांब उभा राहिला आणि घरी न येता गेला.

मला राग येतो. गोरक्षचा येतो, बाजाराचा येतो, भिमाजीच्या तोंडाला लागलेल्या कुलपाचा येतो. फोटो म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. त्याच्या मागचे-पुढचे त्यात नसते, आणि हाच त्याचा गुण, असे मी भेटेल त्याला समजावून सांगत आलो. या एका फोटोत तोच गुण मला सात वर्षे छळतो आहे. फोटो खोटा नाही, हे मी छातीठोक सांगतो. पण त्याने खरे सांगितले का, हे मला माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय मरणे माझ्या जिवावर आले आहे.

तरी सदर निगेटिव्ह भिमाजी रावजी काकडे यास द्यावी. त्याने जाळावी की ठेवावी, त्याची मर्जी.

कलम सातवे. चांगुणाचे मी काढलेले फोटो दोन्ही मुलांनी वाटून घ्यावेत. एकाही फोटोत ती माझ्याकडे बघत नाही, अशी तक्रार केशर करते. तिला जेव्हा काम नसे तेव्हाच ती माझ्याकडे बघे, आणि काम नाही असे तिच्या बाबतीत फारसे घडले नाही.

येथवर काल लिहून झाले. आज सह्यांचा दिवस. पहिले साक्षीदार शांतवन गुरुजी सकाळीच आले. दुसरे तलाठी येणार होते; ते श्रीगोंद्याला गेल्याचा निरोप आला. आज शनिवार, गाव बाजारात. गुरुजी साक्षीदार शोधायला म्हणून बाजारात गेले आणि ज्याला मी बोलावले नसते नेमका तोच माणूस घेऊन आले. भिमाजी दारात चपला काढून उभा राहिला. सात वर्षांत पहिल्यांदा.

मी त्याला सहावे कलम वाचून दाखवले. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे वकिलांनी बजावले आहे, म्हणून म्हटले, "तुम्ही सही करू नका, निगेटिव्ह घ्या." तो म्हणाला, "दावा तर आधी." खिडकीशी नेऊन त्याने ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. "माजा हात लई तरना दिसतुया," म्हणाला आणि माझ्या हातात परत दिली. मग माझ्यासमोर बसला, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या उजव्या हातावर टाकला.

त्याने माझी चार बोटे मुठीत धरून दाबली. मग करंगळी सोडली. तीन बोटे घट्ट दाबली आणि हात झटकला. सौदा ठरला की दलाल असाच हात झटकतो.

चार हे त्याचे मागणे होते. गिऱ्हाईक तीनवर बसले, आणि गोरक्षला तीनच सांगितले गेले. माझी कळ करंगळीच्या आधी पडली होती.

मी ओरडलोच. "अहो, मग सात वर्षांमागे विचारले तेव्हा का नाही सांगितले?"

"तोंडानं इचारलं तुमी, दाजी. हात कवा पुढं केला?"

"आणि चांगुणाला?"

"तिनं कदी इचारलंच न्हाई."

हे मी कागदावर घालू का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मी न्हाई बोलनार. तुमी काय दलाल न्हाई. लिवा की." म्हणून लिहिले. सबब सहावे कलम रद्द. ती निगेटिव्ह बाकीच्यांबरोबर मरियाकडे जावी. तिने मोठा छाप करून दवाखान्याच्या त्याच खिळ्यावर लावावा, आणि खाली शांतवन गुरुजींच्या अक्षरात लिहावे: "यानंतर एक बोट सोडले." माझ्या माघारी पहिल्या शनिवारी सहावे कलम आणि हा पुढचा मजकूर भर बाजारात, गोरक्षला समोर बसवून, मोठ्याने वाचावा.

हात झटकल्यावरही भिमाजीने टॉवेल लगेच उचलला नाही; खाली माझा हात त्याने पुन्हा धरला होता. खिडकीतून उजेड चांगला येत होता, कॅमेरा फळीवर हाताच्या अंतरावर होता. हात मोकळा नव्हता.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

सही: सूर्यभान पुंजाराम लगड

साक्षीदार:
१. शांतवन साळवे, शिक्षक, राहणार काष्टी
२. भिमाजी रावजी काकडे, दलाल, राहणार काष्टी
(धंद्यापुढे त्याने "कासरे विक्री" असे सांगितले होते. "दलाल" मी लिहिले आहे.)

स्थळ: काष्टी
शनिवार, दिनांक २४ नोव्हेंबर १९७३