पायरीवरचं शेवाळ

१२ नोव्हें., बुध.
सकाळपासून रामकुंडात गुडघाभर पाण्यात. यजमान मागून यजमान, प्रत्येकाला हात देऊन उतरवायचं. दुपारी हरसूलची म्हातारी, नवऱ्याच्या अस्थी घेऊन. तिचा हात धरून खालच्या पायरीवर पाय टाकला आणि उजवीकडची कंबर एकदम लुळी. दोघंही पाण्यात. म्हातारीचं डोकं बुडालं. तिच्या मुलाने ओढून काढली.
मी म्हणालो, "शेवाळ फार झालंय." पायरी सकाळीच घासलेली. लाज वाटते.

१३ नोव्हें.
घरीही शेवाळच सांगितलं. सूनबाई मुग्धा फिजिओथेरपिस्ट. मी जिना भिंत धरून उतरतो ते तिने पाहिलं. सगळ्यांसमोर म्हणते, "बाबा, एका पायावर उभे राहून दाखवता?"
म्हटलं, मी काय बगळा आहे?

१४ नोव्हें.
पहाटे देवघरात, कुणी नसताना, राहिलो एका पायावर. ठणठणीत. मुग्धाला उगाच शंका.
घाटावरून आल्यावर पुन्हा. कंबर एकीकडे कलली, समईच लवंडायची. दारातून सौ. : "हे काय चाललंय?"
काही नाही म्हटलं.

१६ नोव्हें., रवि.
शेवटी मुग्धाला दाखवलं. सुनेसमोर कुशीवर पडून पाय वर करायचा. भिंतीकडे तोंड केलं. दहा वेळा करा म्हणाली, सहाव्यालाच थरथर.
"पाय चांगले आहेत बाबा. खुब्याच्या बाजूचे, कुल्ल्यातले स्नायू दमतात. ते दमले की कंबर सावरत नाही, तोल जातो. म्हणून सकाळी ठीक, दुपारी नाही."
तो शब्द मीठ मागावं इतक्या सहज उच्चारला. माझे कान गरम.
व्यायाम दिलेत. तोवर दुपारी पाण्यात उतरून कुणाला धरायचं नाही. मग, "बुधवारी शेवाळच होतं ना?"
हो म्हणालो.

१८ नोव्हें.
उद्या हरसूलकरांचा दहावा. सकाळी लवकर या म्हणून फोन केला. मुलगा म्हणाला, जीप भरल्याशिवाय निघत नाही, दुपारच होईल.

१९ नोव्हें.
पिंडांचं आटोपून वळलो तर म्हातारी पायरीवर बसून नारळाच्या शेंडीने दगड घासतेय. या वयात.
"आजी, हे काय?"
"तुमी घसरले ना म्हाराज. म्हून घरूनच शेंडी आणली. पुन्यांदा पडायला नको."
पायरी लख्ख. तिने हात पुढे केला. धरवेना. मुलाला म्हटलं, तू धर.
ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात पदराला पुसला आणि मागे घेतला. हिच्या हाताचा विटाळ नको, असं मला वाटलं, असंच तिने मनाशी धरलं. ते मला तिथेच कळलं. तरी बोललो नाही.
जाताना तिनेच वाकून नमस्कार केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ नोव्हें.
उद्या तेरावं. त्यांनी गावी बोलावलंय, मुलगा जीप घेऊन येणार. तिला खरं सांगायचं तर कुल्ल्याचं सांगावं लागेल. चार लोकांत.
व्यायाम केला. आज आठपर्यंत गेलो.