बारा पॉइंट चार टेबलं

१ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून गणित शिकणार. नक्की. मेव्हणा लाहसन काल सगळ्यांदेखत म्हणाला, फेझ शहरात लग्नाची जेवणं करणारी घरं पुष्कळ, पण नवरा पातेली उचलतो आणि बायको डोकं चालवते असं एकच. सगळे हसले. बतूलही हसली, मग ओढणीत तोंड लपवलं. पाहिलं मी.

बावन्न म्हणजे काही वय नाही. बाजारामागच्या शाळेत उस्ताद मुनीर संध्याकाळी ‘धंद्याचं गणित’ शिकवतात. फी भरली. वही आणली. पेनं दोन आणली, एक हरवतंच. बतूलला सांगितलं, आता तुझ्या गुडघ्यांना आराम, मोजणी-बिजणी माझ्याकडे. ती म्हणाली, अहो, मी काय गुडघ्यांनी मोजते? विषय बदलायची सवयच आहे तिला.

३ ऑगस्ट, गुरुवार

भागाकार. येत होताच. फक्त बरीच वर्षं केला नव्हता.

८ ऑगस्ट, मंगळवार

आज राउंड करणं. पॉइंटनंतर पाचाच्या खाली असेल तर सोडून द्यायचं, पाच किंवा वर असेल तर पुढचा आकडा धरायचा. इतकं सोपं! बतूल इतकी वर्षं बोटं मोजत काय बसते कुणास ठाऊक. उस्ताद म्हणाले, हा नियम कुठे लावायचा नाही ते गुरुवारी सांगतो.

१० ऑगस्ट, गुरुवार

क्लासला गेलो नाही. ऊन फार. (संध्याकाळचे सहा वाजले होते, पण दिवसभराचं ऊन अंगात असतंच ना.) वाटेत दूधवाल्याकडे बदामाचं सरबत प्यायलो. नियम कळला की झालं. कुठे लावायचा नाही ते शहाण्या माणसाला आपोआप समजतं.

घरी बतूलनं विचारलं, काय शिकवलं? म्हटलं, अपूर्णांक. तिनं कौतुकानं जास्तीचं अंडं वाढलं. खाल्लं.

१३ ऑगस्ट, रविवार

किंझाच्या थोरलीचं लग्न शनिवारी. किंझा म्हणजे बतूलची लहानपणापासूनची मैत्रीण, नवरा गेल्यापासून एकटीनं घर ओढते. नवऱ्यामुलाची आजी लल्ला रुकिया हिला हे स्थळ पसंतच नाही, ती खोट काढायलाच येणार. किंझा म्हणाली, हमादीभाऊ, म्हातारीला बोट ठेवायला जागा नको हं, माझ्या पोरीचा संसार आहे. म्हटलं, निर्धास्त राहा, यंदा मोजणी शास्त्रशुद्ध आहे. किंझानं बतूलकडे पाहिलं. बतूलनं छताकडे.

जेवण दुपारचं, कारण म्हातारी संध्याकाळी पेंगते. पुरुष वरच्या मजल्यावर, बायका खाली.

१६ ऑगस्ट, बुधवार

मोजणी फत्ते! एका टेबलाला दहा माणसं, मध्ये कबुतराचं सारण भरून भाजलेली एक मोठी खुसखुशीत बस्तीला, वर साखर-दालचिनी, सगळ्यांचे हात एकाच ताटात. पुरुष ११८, म्हणजे ११.८, म्हणजे बारा टेबलं. बायका १२४, म्हणजे १२.४, म्हणजे बारा. चहा निवायच्या आत झालं.

बतूल दर लग्नाला दोन टेबलं आणि दोन बस्तीला जादा धरते, अल्लाच्या पाहुण्यांसाठी, म्हणजे न बोलावता येतील त्यांच्यासाठी. शुद्ध उधळपट्टी. काट मारली आणि बस्तीला भाजणाऱ्या भट्टीवाल्याला आकडा कळवला. तिनं विचारलं, पाहुण्यांच्या दोन धरल्यात ना? हो म्हटलं. धरल्याच होत्या, नंतर वगळल्या. म्हणजे अगदी खोटं नाही.

झोप नीट लागली नाही. गरमी.

२० ऑगस्ट, रविवार

लिहवत नाही.

काल चार बायकांना टेबल उरलं नाही. कुठल्या चार? लल्ला रुकिया आणि तिच्या तीन जावा. सावकाश चालतात, म्हणून शेवटी पोचल्या. वर पुरुषांत दोन खुर्च्या रिकाम्या! सगळे मिळून २४२, म्हणजे २४.२, म्हणजे चोवीस टेबलं. चोवीसच होती. भट्टीवाल्याला हे समजावलं, तर मेला म्हणतो, मग म्हातारीला वर पुरुषांत बसवा.

बायकांनी सरकून जागा केली. म्हातारी म्हणाली, मी कुणाच्या कोपराखाली बसून जेवत नाही. नवऱ्यामुलाच्या आजीला जिथे बसायला जागा नाही, तिथली पोर माझ्या घरात कशी नांदते बघते. उपाशीच गाडीत जाऊन बसली. किंझा भिंतीला टेकून रडायला लागली. मी पातेल्यांमागे. तोंड उघडलं होतं, अल्लाशपथ. तेवढ्यात बतूल पुढे झाली आणि म्हणाली, किंझा, मोजणी माझी चुकली गं.

मी तोंड मिटलं.

२१ ऑगस्ट, सोमवार

बतूलनं स्वतःच्या हातानं नवी बस्तीला केली आणि गुडघे धरत, चढ चढून म्हातारीकडे माफी मागायला गेली. सोबत येऊ का, म्हटलं. नको म्हणाली. मला हायसं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली.

दुपारी आली. म्हातारी आधी दारच उघडेना. मग दोन घास खाल्ले, मग नातसुनेला जवळ बसवलं. निभावलं एकदाचं. बतूलचे पाय शेकून दिले. माझ्याकडून जरा, असं म्हणायला गेलो, तर ती म्हणाली, असू दे हो. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उद्या किंझाला खरं सांगणार.

२२ ऑगस्ट, मंगळवार

वेळ झाला नाही.

२४ ऑगस्ट, गुरुवार

सांगितलं! किंझा चहा ओतत होती, हात थांबलासुद्धा नाही. म्हणाली, हमादीभाऊ, ते मला तेव्हाच कळलं. बतूलनं मोजलं असतं तर दोन टेबलं जादा असती. म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, ती बिचारी तुमच्यासाठी चारचौघांत खोटं बोलली, ते वाया घालवू? आणि धाकटीचं लग्न ऑक्टोबरात आहे, तेही काम बतूललाच दिलंय. मी म्हटलं, वा! तिनं जीभ चावली. म्हणाली, तुम्हाला सांगितलं नाही वाटतं तिनं अजून.

घरी आलो. बतूल बदाम सोलत होती. मान वर न करता म्हणाली, तुमच्या मेकनेसच्या बहिणीला तुमची फार आठवण येते म्हणे. जाऊन या चार दिवस. बहीण माझ्याशी तीन वर्षं बोलत नाही, हे बतूलला पक्कं ठाऊक आहे. विचारलं, कधी जाऊ? म्हणाली, ऑक्टोबरात जा, हवा चांगली असते.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून नीट पाहिलं. म्हटलं, जमेल, मोकळाच आहे.